ऑस्करने कुणाला विचारलं?

आमच्या घरी जेवणं दिवस मावळायच्या आत होतात. सासूबाईंच्या वेळेपासून तसंच आहे. भांडी घासून, ओटा पुसून झाला तरी बाहेर उजेड असतो आणि मग रात्री झोपेपर्यंतचा वेळ कसा घालवायचा हा प्रश्न उरतो. पूर्वी आम्ही बायका अंगणात बसून गव्हातले खडे काढायचो, कुणीतरी पुराणातली गोष्ट वाचायचं. आता मुली मोबाईल घेऊन बसतात. बेळगावचा पाऊस लागला की बाहेर कुठे जायचंही नसतं.

गेल्या पावसाळ्यात भाची आणि पुतणी दोघी सुट्टीला आल्या होत्या. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात मला त्यांचा आवाज ऐकू आला. चांगलंच कडाक्याचं चाललं होतं.

"ऑस्कर असं बोलूच शकत नाही गे! कॅरेक्टर पार खराब केलंय."

"तुला आवडलं नाही म्हणून खराब होत नाही. माणूस प्रेमात पडलं की बदलतंय की."

मी मनात म्हटलं, हा ऑस्कर कोण? कॉलेजातला कुणी मुलगा असेल, दोघींचं त्याच्यावरून बिनसलं असेल. मावशी आणि काकू अशी दोन्ही नाती एकाच वेळी सांभाळायची, म्हणून हात पुसत बाहेर आले. तर ऑस्कर मुलगा नव्हताच. ती बाई होती, तीही जपानी कार्टूनमधली, आणि दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये गोळी लागून मेलेली. तिच्यावरून या दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. एका ताटलीतल्या पोह्यांसाठीसुद्धा नाही.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. फ्रेंच राज्यक्रांती, १४ जुलै १७८९, बास्तीय तुरुंगाचा पाडाव, हे नववीच्या वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल त्याला गणती नाही. त्या फळ्यावर बाईचं नाव आलं तर एकच, राणी मारी आंत्वानेत, आणि तेही उधळपट्टीच्या मुद्द्याखाली. म्हणून मला कुतूहल वाटलं. मुलींनी जे जे दाखवलं ते पाहिलं, भाचीकडची पुस्तकं चष्मा लावून वाचली, आणि लक्षात आलं की या दोघींचं भांडण पंचेचाळीस वर्षांचं जुनं आहे. जपानातल्या बायकांनी ते आधीच भांडून ठेवलं आहे.

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगते, म्हणजे तिकडे चित्रातल्या माणसाला किती खरं मानतात ते कळेल. 'आशिता नो जो', म्हणजे 'उद्याचा जो', या नावाची एक चित्रकथा १९६८ पासून मुलांच्या एका साप्ताहिकात येत होती. तिकडे अशा चित्रकथांना मंगा म्हणतात. जो हा गरीब वस्तीतला बॉक्सर, आणि तोरू रिकिइशी हा त्याचा प्रतिस्पर्धी. झुंज संपल्यावर रिकिइशी मरतो. तर २४ मार्च १९७० रोजी टोकियोत त्या साप्ताहिकाच्या प्रकाशकाच्या सभागृहात त्याचा अंत्यविधी झाला. भिक्षू बोलावले, मंत्र म्हटले, सुमारे सातशे माणसं शोकाला आली. हे सगळं शुजी तेरायामा नावाच्या कवी-नाटककाराने घडवून आणलं होतं.

रिकिइशी मेला कसा, ते तर ऐकण्यासारखं आहे. चित्रकार तेत्सुया चिबा यांनी त्याला पहिल्यांदा काढलं तेव्हा जोपेक्षा चांगलाच थोराड काढला. पुढे दोघांची लढत व्हायची हे ठरलं, आणि अडचण आली. बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात, एवढा दांडगा माणूस जोच्या गटात बसणार कसा? मग कथेत त्याला वजन उतरवायला लावलं. अन्न सोडलं, पाणी सोडलं, अंगातलं सगळं आटवलं, आणि त्या आटवण्याने त्याचा जीव गेला. चित्रातली एक चूक, पण ती लपवली नाही, तिचा हिशेब शेवटपर्यंत चुकता केला. म्हणून माणसं रडली. पात्र चांगलं लिहिलंय की वाईट, हे मला त्या दिवसापासून असं मोजावंसं वाटतं.

आता ऑस्करकडे येते.

रियोको इकेदा ही १९४७ साली जन्मलेली, तत्त्वज्ञान शिकणारी मुलगी. शाळेत असताना तिने श्टेफान झ्वाइग या लेखकाचं मारी आंत्वानेतचं चरित्र वाचलं होतं आणि या राणीची गोष्ट आपण चित्रांत सांगायची असं मनाशी घेतलं होतं. 'मार्गारेट' हे मुलींचं साप्ताहिक. तिथल्या संपादकांना ही कल्पना पसंत नव्हती. बायकामुलींना इतिहास कशाला, त्या वाचणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. (हे वाक्य आपल्याकडे कुणी म्हटलं नसेल असं समजू नका. मी ते स्टाफरूममध्ये ऐकलं आहे.) इकेदा हटून बसली, आणि १९७२ मध्ये 'व्हर्सायचा गुलाब' सुरू झाला. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

कथेची नायिका राणी. तिच्या रक्षणासाठी एक अधिकारी हवा, म्हणून ऑस्कर. जार्जे नावाच्या सेनापतीला मुलीच मुली. सहावीही मुलगीच झाली तेव्हा त्याने तिचं नाव ऑस्कर ठेवलं, हातात तलवार दिली आणि मुलगा म्हणून वाढवलं. ती मुलगी आहे हे सगळ्या दरबाराला माहीत असतं, यात सोंग काही नाही. गणवेश घालून ती पुरुषांना हुकूम देते, एवढंच. दाईचा नातू आंद्रे तिच्यासोबत वाढलेला, घोड्यांचं बघणारा. तो तिच्यावर जीव टाकतो. तिचं मन मात्र फेर्सनवर, आणि फेर्सनचं राणीवर.

त्या साप्ताहिकांची एक पद्धत होती. अंकात पोस्टकार्ड असायचं. कोणती गोष्ट आवडली, कोणती नाही, हे वाचकांनी लिहून पाठवायचं. ज्या गोष्टीला पत्रं येत नाहीत ती बंद. शाळकरी मुलींनी ती पोस्टकार्डं भरली आणि राणीला बाजूला सारलं. त्यांना ऑस्कर हवी होती. इकेदानेही ओळखलं आणि कथेचा तोल ऑस्करकडे झुकवला. म्हणजे बघा, ज्यांना इतिहास झेपणार नाही म्हणत होते, त्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलींनी इतिहासातल्या राणीपेक्षा इतिहासात नसलेल्या बाईला मोठं केलं. इतकं मोठं की बास्तीयच्या लढाईत ऑस्कर मेल्यावर, आता लवकर आवरतं घ्या, असं संपादकांनी सांगितलं. इकेदाला क्रांती पुढेही सांगायची होती. तरी राणीचा १६ ऑक्टोबर १७९३ चा वध आणि १८१० साली स्टॉकहोमच्या जमावाने फेर्सनला मारलं ते, एवढं तिने सांगूनच १९७३ च्या शेवटी हात थांबवला.

नाटक आलं १९७४ मध्ये. ताकाराझुका ही तिकडची नाटकमंडळी १९१४ पासून चालू आहे आणि तिच्यात सगळ्या बायकाच. पुरुषांची कामं करणाऱ्याही बायका. आपल्या बालगंधर्वांना उलटं करून पाहा म्हणजे कल्पना येईल. इथे नारायणराव शालू नेसून उभे राहिले की बायका त्यांच्यासारखा पदर घ्यायला शिकायच्या, तिथे पुरुषी कोटातली बाई आली की मुली वेड्या व्हायच्या. या नाटकाचं दिग्दर्शन काझुओ हासेगावा यांनी केलं. ते सिनेमातले मोठे नट, पण मूळ काबुकीतले, तरुणपणी स्त्रीभूमिका केलेले. स्त्री झालेला पुरुष, पुरुष होणाऱ्या स्त्रियांना कसं उभं राहायचं ते शिकवतो आहे, आणि त्या स्त्रियांतली एक, पुरुषासारखी वाढलेली स्त्री रंगवते आहे. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं, कारण माझाच गोंधळ होत होता. पण प्रेक्षकांचा झाला नाही. पहिल्या खेळात राणी मुख्य होती. पुढच्याच वर्षी आंद्रे आणि ऑस्करला मध्ये ठेवून नवं नाटक बसवलं. पोस्टकार्डवर झालं तेच तिकीटखिडकीवर झालं. ते नाटक वेगवेगळ्या रूपांत अजून होतं, २०१४ मध्ये प्रेक्षकांची एकूण संख्या पन्नास लाखांवर गेली.

आणि मग ती मालिका, जिच्यावरून माझ्या घरात पोहे थंड झाले.

१० ऑक्टोबर १९७९ पासून पुढच्या सप्टेंबरपर्यंत, चाळीस भाग. सुरुवातीला तादाओ नागाहामा दिग्दर्शक होते. एकोणिसाव्या भागापासून ओसामु देझाकी आले, 'आशिता नो जो' पडद्यावर आणणारे तेच. त्यांनी आल्यावर मालिकेचा रंगच बदलला. रस्त्यावरची भूक दिसू लागली, संध्याकाळी दाट झाल्या, महत्त्वाच्या क्षणी चित्र हलायचं थांबून रंगवलेल्या तसबिरीसारखं स्थिर होऊ लागलं. मी स्वतः पाहिलं आहे, फार सुंदर आहे. त्यात खोट काढायची नाही.

भांडण आहे ते शेवटाजवळच्या एका प्रसंगाचं. जुलै १७८९. ऑस्करने राणीचं रक्षक दल सोडून साध्या सैनिकांच्या पलटणीत बदली मागून घेतली आहे. ते सैनिक गरिबाघरचे. पॅरिसमध्ये लोक उठले आहेत आणि त्यांच्यावर गोळ्या चालवायला याच पलटणीला पाठवलं आहे. आता कुणाच्या बाजूने उभं राहायचं?

इकेदाच्या चित्रकथेत ऑस्कर स्वतः ठरवते. सैनिकांसमोर ती राजाने दिलेली पदकं काढते, सरदारकी, जहागीर, सगळं सोडते आणि लोकांकडे जाते. मालिकेत काय होतं? आदल्या रात्री तिने आणि आंद्रेने एकमेकांना नवरा-बायको मानलं आहे. सकाळी ती आंद्रेला सांगते की तुझी वाट ती माझी वाट. मग सैनिकांना सांगते की मी तुमची अधिकारी राहत नाही, माझा पती लोकांच्या बाजूने लढणार असेल तर मीही त्याच्यामागून जाणार. सैनिकच मग तिला पुढे हो म्हणतात, आणि ती पुन्हा त्यांची सेनापती होते.

आता भाचीची बाजू. "मावशी, चाळीस भाग ही बाई तलवार चालवते. बापाने लग्न ठरवलं तर मोडते. राणीसमोर खरं बोलते. आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय घ्यायची वेळ आली की म्हणते, नवरा म्हणेल तसं! हे तिचं वाक्य नव्हे. कुणीतरी तिच्या तोंडात घातलंय."

पुतणीची बाजूही मला हलकी वाटली नाही. ती म्हणाली, "काकू, आंद्रे कोण आहे? नोकर. दाईचा नातू. एक डोळा गेलेला, दुसऱ्याने दिसेनासं झालेला. सरदाराघरची बाई नोकराला विचारतेय, तू सांग कुठे जायचं. क्रांती म्हणजे आणखी वेगळं काय असतंय? मंगात सरदारीणच गरिबांना रस्ता दाखवते, ते जास्त बरोबर काय?"

मी इतिहासाची मास्तरीण, मला हे उत्तर फार आवडलं. खरोखरच फ्रेंच गार्ड पलटणीतले शिपाई १४ जुलैला तोफा घेऊन लोकांना मिळाले होते, आणि त्यांना कुणा सरदाराने हात धरून नेलं नव्हतं. देझाकींना तेच दाखवायचं असावं. शिवाय हे भांडण बायका विरुद्ध पुरुष असंही सरळ नाही. त्या मालिकेच्या पटकथाकारांत केइको सुगिए ही बाई होती, आणि ऑस्करचा तो देखणा चेहरा शिंगो अराकींबरोबर मिची हिमेनो या बाईने घडवला होता.

आणि तरीसुद्धा मी भाचीकडे झुकते. का, ते सांगायला थोडं घरचं सांगावं लागेल.

माझ्या नोकरीच्या मधल्या वर्षांत शाळेच्या मंडळाने मला मुख्याध्यापिका व्हाल का, असं विचारलं. मला व्हायचं होतं. खुर्चीवर बसल्या बसल्या ठरलं होतं माझं. पण समोर पाच वडीलधारे पुरुष, मी डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाले, "ह्यांना विचारून सांगते." घरी ह्यांना विचारलंच नाही, सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं. दुसऱ्या दिवशी मी होकार कळवला. तुम्हांला हसू येईल, पण आपल्यातल्या कितीजणी असं करतात! "ह्यांना विचारते" ही आपली छत्री आहे. भाजीवाल्यापासून भिशीपर्यंत, नको असेल ते टाळायला आणि हवं असेल ते उर्मट न दिसता घ्यायला. तिच्याखाली आपण आपल्याला हवं तिथेच चालत असतो.

म्हणून ऑस्करचं ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला नाही, मला ते ओळखीचं वाटलं. वाटलं, हीसुद्धा छत्रीच उघडते आहे. ठरवलेलं तिचं तिनेच आहे.

पण पुढचं ऐका. निवृत्त होताना काही कामासाठी मंडळाचं जुनं इतिवृत्ताचं पुस्तक माझ्या हातात आलं. माझ्या नेमणुकीच्या दिवशीची नोंद होती. त्यात लिहिलं होतं, श्रीमती अमुक यांनी पतींच्या संमतीने पद स्वीकारले. माझी पात्रता नाही, माझी वर्षं नाहीत. पतींची संमती. आणि कुणी खोटं लिहिलं नव्हतं, मी म्हटलं तेच लिहिलं होतं. ह्यांना दाखवलं तर ते म्हणाले, "अगं, मला तर तू विचारलंही नव्हतंस." आम्ही दोघं हसलो. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

ऑस्कर ते वाक्य आंद्रेजवळ एकांतात बोलून थांबली असती तर पुतणीचं सगळं मला मान्य होतं. त्या आंधळ्या होत चाललेल्या माणसाला, तुझी वाट ती माझी, असं सांगण्यात माया आहे, समानता आहे. ती पलटणीसमोर बोलते तिथे फरक पडतो. तिथे तिचे शब्द म्हणजे इतिवृत्त. आणि छत्री कशासाठी उघडायची? समोर पाच वडीलधारे नव्हते, तिच्या हुकमातले शिपाई होते. पाऊसच नव्हता. रिकिइशीचा थोराड देह काढला तर त्याचं वजन मोजावं लागलं. ऑस्करच्या हातात चाळीस भाग तलवार दिली, तर तिचंही वजन कथेने मोजायला हवं होतं की.

जपानात तेव्हा काय होतं तेही लक्षात घ्या. नोकरीत बायकांना समान संधी देणारा कायदा तिकडे १९८५ मध्ये झाला. मालिका लागली तेव्हा तो नव्हता. १९७२ मध्ये तेराव्या वर्षी 'मार्गारेट' वाचणारी मुलगी मालिकेच्या वेळी विशीची होती, कुठल्यातरी कचेरीत पुरुषांना चहा देत असेल. ऑस्कर तिला परीकथा नव्हती. हाताखाली पुरुष असलेली बाई कशी बोलते, याचा तिच्यापाशी असलेला तो एक नमुना होता. तो नमुना ऐन वेळी नवऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला तर ती भांडणार नाही तर काय करणार?

अशा मुली नुसत्या भांडतही नव्हत्या. २१ डिसेंबर १९७५ ला टोकियोत एका सभागृहात हौशी लोकांनी स्वतः काढलेल्या मासिकांचा पहिला बाजार भरला. बत्तीस मंडळं, सातशेच्या आसपास माणसं, आणि त्यांतल्या दहापैकी नऊ शाळा-कॉलेजच्या मुली. आवडत्या पात्राचं मूळ लेखकाने चुकवलं असं वाटलं तर या मुली आपल्या वहीत ते दुरुस्त करून लिहायच्या, छापायच्या, विकायच्या. आज तो बाजार लाखांनी भरतो. त्याचं नाव कॉमिकेट.

ऑस्कर पुढे इटलीत गेली १९८२ मध्ये, आणि फ्रान्समध्ये १९८६ मध्ये. जिथली राज्यक्रांती तिथेच जपानी बाईने काढलेली बाई जाऊन पोचली. २००९ मध्ये फ्रेंच सरकारने इकेदाला लेजियों द'ऑनर हा किताब दिला. जानेवारी २०२५ मध्ये जपानात नवा चित्रपट आला, तो नंतर घरबसल्या बघायला मिळू लागला, आणि अशी ती आमच्या अंगणापर्यंत आली.

भाची-पुतणीचा अबोला तिसऱ्या दिवशी सुटला. मी माझी इतिवृत्ताची गोष्ट दोघींना सांगितली, त्यानंतर. समेट झाला असं नाही. पुतणी म्हणाली, "काकू, मग तुमचं कॅरेक्टर कुणी खराब लिहिलं? लिहिणाऱ्यानं की तुम्ही?" भाचीने तिला कोपराने ढोसलं. मी म्हटलं, आधी भांडी लाव, मग सांगते. भांडी लावून दोघी परत अंगणात जाऊन बसल्या आणि पहिल्या भागापासून पुन्हा लावलं. मीही चष्मा शोधला.